नुसता शेक, शेकासोबत सिस्प्लॅटिन, की शेकासोबत नॅनोकण?

गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला जखम भरेना, तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचं ठरवलं, की दोन दिवसांत घरातलं कुणीतरी मोबाईल घेऊन येतं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, गाठीत सोडायचे, वरून किरण टाकायचे आणि गाठ आतल्या आत नष्ट होते, असं सांगणारा व्हिडिओ त्यात असतो. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात तोंडाचा कॅन्सर ही लांबची बातमी नाही. तंबाखूची शेतं, वखारी, विड्या वळणारे हात, चुना-तंबाखूची डबी, बायकांची मिसरी, हे सगळं आपल्या दारातलं. म्हणून एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो: ते नॅनोचं आपल्या माणसाला देता येईल का, आणि त्यासाठी थोडं थांबलं तर चालेल का?

मी किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करते. औषध लिहून देणं माझं काम नव्हे. गाठीला किती ग्रे (किरणांच्या डोसचं माप) द्यायचे, कुठल्या दिशांनी द्यायचे, शेजारच्या लाळग्रंथीला आणि मज्जारज्जूला किती वाचवायचं, हा हिशोब मांडणं माझं काम. त्याच जागेवरून ही तुलना मांडते आहे. औषधाचा निर्णय तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यायचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. शेकाची तारीख मिळाली असेल तर नॅनोकणांसाठी एक आठवडाही थांबू नका. पण रुग्ण वयस्क आहे, सिस्प्लॅटिन (शेकासोबत द्यायचं केमोचं औषध) झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, गाठ अजून जागेवर आहे आणि एखाद्या नोंदणीकृत चाचणीत खरंच जागा आहे, असं सगळं जुळून येत असेल, तर त्या चाचणीची चौकशी जरूर करा. चौकशी आणि उपचार दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवायचे, एकासाठी दुसरं अडवायचं नाही.

शेक टळत नाही

बहुतेकांची समजूत अशी असते की नॅनोकण घेतले की शेक घ्यावा लागत नाही, केस जात नाहीत, तोंड येत नाही. मी ज्या कणांबद्दल लिहिते आहे ते एकटे काहीच करत नाहीत. किरण पडले तरच ते कामाला लागतात. मशीन तेच, मास्क तोच, रोजच्या खेपा त्याच. गाठीला बसणारा मार थोडा वाढवायचा, एवढाच त्यांचा उद्देश. त्यामुळे खरी निवड जुना उपचार की नवा, अशी नाहीच. शेक तर घ्यायचाच आहे. त्याच्या जोडीला काय घ्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

आणखी एक गोंधळ इथेच सोडवते. अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल किंवा लायपोसोम नावाच्या चरबीच्या सूक्ष्म पिशवीतलं डॉक्सोरुबिसिन ही औषधंसुद्धा नॅनो आकाराचीच, आणि ती बरीच वर्षं वापरात आहेत. पण ती केमोथेरपी आहे, फक्त औषध पोचवायची गाडी बारीक आहे. किरणांशी त्यांचा संबंध नाही. कुणी ‘आमच्याकडे नॅनो मिळतं’ म्हटलं तर पहिल्यांदा विचारा की ते केमो आहे की किरणांना जोड देणारे कण आहेत. आणि नॅनो हळद, नॅनो सोनं अशा नावाने बाटलीतून विकलं जाणारं काही असेल, तर ते या तुलनेत बसतच नाही. त्याच्यामागे तोंडाच्या कॅन्सरवरचा असा पुरावा नाही, ज्याच्या भरवशावर शेक पुढे ढकलावा.

कण गाठीत काय करतात

किरण पेशीत शिरतात तेव्हा तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. ते डीएनएचे धागे तोडतात, किंवा पेशीतल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल तयार करतात आणि ते डीएनए तोडतात. आपलं शरीर हलक्या अणूंचं आहे: हायड्रोजनचा अणुक्रमांक १, कार्बनचा ६, ऑक्सिजनचा ८. आता त्यात हाफ्नियम, म्हणजे ७२, किंवा सोनं, म्हणजे ७९, यांचे कण ठेवले तर तेवढ्या जागेवर किरण जास्त शोषले जातात. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत हा फरक प्रचंड असतो, कारण तिथलं शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. कणातून सुटलेले बरेचसे इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत. गाठीतल्या पेशींना मार बसतो, शेजारच्या निरोगी भागाला त्यातलं फारसं काही पोचत नाही. कल्पना खरोखर देखणी आहे, आणि मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडते.

पण व्हिडिओत एक गोष्ट सांगत नाहीत. ‘कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत’ ही अट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या लिनियर ॲक्सिलरेटर या शेकाच्या मशीनवर तोंडाच्या रुग्णाला बहुतेक वेळा ६ मेगाव्होल्टचा बीम देतात. कोबाल्ट मशीनचे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे. या ऊर्जेला शरीरात जी प्रक्रिया मुख्यतः घडते, तिला अणू जड आहे की हलका याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे नुसत्या भौतिकशास्त्राने हिशोब केला तर आपल्या मशीनवर कणांचा फायदा माफकच निघतो. प्रयोगशाळेत पेशींवर मात्र हिशोबापेक्षा जास्त परिणाम दिसतो. कणांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या रासायनिक क्रिया, पेशीवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण, डीएनएच्या दुरुस्तीत येणारा अडथळा, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला मिळणारी चालना अशी कारणं त्यामागे मांडली जातात. ती रास्त आहेत, पण त्यामुळेच हे कण काम करतात की नाही ते माणसांवरच्या चाचणीतच ठरवावं लागतं. कागदावरच्या गणिताने ते सिद्ध होत नाही.

सोन्याचीच गोष्ट घ्या, कारण लोकांच्या मनात तेच बसलंय. २००४ मध्ये जेम्स हेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून देऊन वर २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण दिले. वर्षभरानंतर ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसत्या क्ष-किरणांच्या गटात २० टक्के, नुसत्या सोन्याच्या गटात एकही नाही. या एका प्रयोगाने पुढच्या कितीतरी संशोधनाला वाट दिली. पण बारकाईने बघा: किरण कमी ऊर्जेचे होते, गाठी कातडीखालीच होत्या, आणि सोनं वजनाच्या दर किलोला २.७ ग्रॅमपर्यंत दिलं होतं. नुसता गुणाकार केला तर साठ किलोच्या माणसाला १६२ ग्रॅम, म्हणजे सोळा तोळ्यांच्या वर. सोन्याच्या कणांनी शेकाचा गुण वाढवायचा उपचार आज कुठल्याही रुग्णालयात नेहमीचा म्हणून दिला जात नाही, आणि उंदरांच्या आकड्यावरून माणसाचा निर्णय करता येत नाही.

माणसांवर खरंच तपासलेले कण

यात सर्वांत पुढे गेलेले आहेत हाफ्नियम ऑक्साईडचे कण. फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्स या कंपनीचं हे औषध संशोधनात एनबीटीएक्सआर३ या नावाने ओळखलं जातं. शेक सुरू व्हायच्या आधी एकदाच ते सुईने थेट गाठीत टोचतात. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या सार्कोमावर (स्नायू, चरबी अशा भागांतल्या कॅन्सरवर) त्याची तुलनात्मक चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सगळ्यांना २५ खेपांत ५० ग्रे शेक, नंतर ऑपरेशन. कण दिलेल्या गटात १६ टक्के रुग्णांच्या काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या. नुसत्या शेकाच्या गटात हेच प्रमाण ८ टक्के. त्याच वर्षी युरोपात त्या आजारासाठी परवानगी मिळाली.

दुप्पट झालं हे खरं. पण शंभरातल्या ८ चे १६ झाले, आणि ते ऑपरेशनआधीच्या परिणामाबद्दल, सार्कोमात. तोंडाचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे. कण टोचताना काहींचा रक्तदाब अचानक खाली गेला, टोचलेल्या जागी दुखलं, हेही त्याच निकालात आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी आधी वयस्क, अशक्त रुग्णांचा पहिल्या टप्प्याचा अभ्यास झाला. त्यात आशा वाटावी असा प्रतिसाद दिसला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणूनच २०२२ मध्ये नॅनोरे-३१२ ही मोठी तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. प्लॅटिनम गटातली औषधं (सिस्प्लॅटिन त्यातलंच) ज्यांना देता येत नाहीत अशा वयस्क रुग्णांत नेहमीचा उपचार एकीकडे, आणि तोच उपचार अधिक कण दुसरीकडे, अशी तिची रचना. आपल्या रुग्णांसाठी खरं उत्तर अशाच चाचणीतून येतं.

दुसरा प्रकार गॅडोलिनियमचा, अणुक्रमांक ६४. फ्रान्समध्येच विकसित झालेले ॲग्विक्स नावाचे हे कण शिरेतून देतात, काम झाल्यावर ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, आणि एमआरआयमध्ये दिसतात. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरवर १५ रुग्णांची पहिल्या टप्प्याची चाचणी ग्रेनोबलला झाली. टोचण्यासाठी गाठीपर्यंत पोचावं लागत नाही ही त्यांची जमेची बाजू. किडनी कमजोर असेल तर मात्र गॅडोलिनियमबद्दल वेगळा विचार करावा लागतो, आणि सिस्प्लॅटिन न झेपणारे आपले बरेच रुग्ण नेमके किडनीमुळेच त्या यादीत आलेले असतात.

तिसरी कल्पना सर्वांत कोवळी आहे. प्रकाशाने औषध जागं करून गाठ मारायची पद्धत जुनी आहे, पण प्रकाश मांसात फार तर सेंटीमीटरभर शिरतो. मग क्ष-किरण पडले की चमकणारे कण आणि प्रकाशाने जागं होणारं औषध असे जोडीने गाठीत ठेवायचे. किरण खोल जातात, कण तिथे दिवा लावतात, औषध त्या उजेडात ऑक्सिजनचं विषारी रूप तयार करतं. २००६ मध्ये ही कल्पना मांडली गेली. तिथे एक मूळ अडचण आहे: मोठ्या गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजनच कमी असतो. अशा धाटणीचे थोडेच कण माणसांवर पहिल्या टप्प्यापर्यंत पोचलेत. आज निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने याचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

सिस्प्लॅटिनची बाजू

सिस्प्लॅटिनमध्ये झगमगाट काहीच नाही. जुनं, स्वस्त, मळमळ आणणारं औषध. पण शेकाचा गुण वाढवणारं म्हणून इतका पुरावा दुसऱ्या कशामागेही नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या चाचण्या एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात, शेकासोबतच केमो दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे साडेसहाने वाढलेलं दिसलं. वय वाढेल तसा हा फायदा कमी होत जातो आणि सत्तरीच्या पुढे जवळपास उरत नाही, हेही त्याच विश्लेषणाने सांगितलं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ३०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत, दर आठवड्याला कमी डोस देण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी पूर्ण डोस दिल्याने आजार जास्त ताब्यात राहिला: दोन वर्षांनी ७३ टक्के विरुद्ध ५८.५ टक्के. मात्र त्रासही जास्त झाला.

त्याची किंमतही स्पष्ट सांगायला हवी. किडनीवर ताण येतो, म्हणून डोसआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कमजोर असली की ते वाढतं) तपासतात आणि भरपूर सलाईन देतात. कानावर परिणाम होतो. आधीच ऐकू कमी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगाच, ‘वयामुळे होतंय’ म्हणून लपवू नका. हातापायांना मुंग्या, उलट्या, रक्तपेशी कमी होणं हे तर आहेच. तरी ज्याला झेपतं त्याच्यासाठी सिस्प्लॅटिन आणि नॅनोकण यांच्यात आज बरोबरीची तुलनाच होत नाही. एकाची परीक्षा वर्षानुवर्षं होऊन निकाल लागलाय, दुसऱ्याची अजून चालू आहे.

झेपत नसेल तर

इथे मात्र तुलना खरी होते. चिकोडी तालुक्यातले एक अप्पा आठवतात. वय सत्तरीच्या पुढे, घशाचा कॅन्सर, ऑपरेशनला न बसणारा, आणि क्रिएटिनिन वाढलेलं. सिस्प्लॅटिन नको असं ठरलं तेव्हा त्यांची लेक माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, किडनीमुळं ते इंजेक्शन देत नाहीत म्हणाले. मग अप्पांना नॅनोचं तरी द्या की ओ. नुसताच शेक द्यायचा म्हणजे अर्धवट उपचार वाटतोय.” तिची तळमळ रास्त होती. पण नुसता शेक आणि नॅनो यांच्यामध्ये आणखी एक पर्याय होता, आणि तो तिला माहीत नव्हता.

तो म्हणजे डोसेटॅक्सेल, केमोचंच दुसरं औषध. सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३५६ रुग्णांवर टाटा रुग्णालयाच्या गटाने केलेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. नुसत्या शेकाच्या तुलनेत शेकासोबत आठवड्याला डोसेटॅक्सेलचा छोटा डोस दिला, तेव्हा दोन वर्षं आजार परत न येणाऱ्यांचं प्रमाण ३०.३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं, आणि दोन वर्षं जगणाऱ्यांचं ४१.७ वरून ५०.८ वर. हे आपल्याच लोकांवर झालेलं काम आहे, आपल्यासारखंच खाणाऱ्या-राहणाऱ्या लोकांवर. फुकट मात्र काही मिळत नाही: तोंडाची सालपटं निघण्याचा तीव्र त्रास जवळपास निम्म्या लोकांना झाला, नुसत्या शेकात तो साधारण पाचातल्या एकाला होता.

अप्पांना तेच द्यायचं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, गिळता येईना, नाकातून नळी घालावी लागली. लेक नळीतून नाचणीची पातळ आंबील आणि ताक गाळून देत होती. वजन उतरलं तसा चेहऱ्याचा मास्क सैल पडला. हा मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळी. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून साच्यासारखी बसवतात, म्हणजे रोज डोकं अगदी त्याच जागी येतं. गालाजवळ बोट सरकेल एवढी जागा दिसल्यावर नवा मास्क, नवा सीटी, नवं नियोजन केलं. ते सगळं खेपा न चुकवता बसवायचं म्हणजे आमचीही धावपळ झाली, पण खेपा पूर्ण झाल्या. नॅनोकण घेतले असते तरी हा सगळा भाग जसाच्या तसा असता.

सुई कुठे टोचणार?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घेते, कारण निम्म्याहून जास्त घरांचा निर्णय इथेच होऊन जातो.

गाल, जीभ, हिरडी यांच्या कॅन्सरला, ऑपरेशन करण्याजोगा असेल तर, आधी ऑपरेशन करतात आणि मग शेक देतात. साधारण ३० खेपा, सहा आठवडे, ६० ग्रे. ऑपरेशननंतर गाठ जागेवर नसते. उरल्या असतील तर डोळ्याला आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी, त्या जागेत आणि मानेत विखुरलेल्या. हाफ्नियमचे कण गाठीतच टोचायचे असतात. गाठच नाही तर टोचणार कुठे? म्हणजे ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी या कणांसाठी वणवण करण्यात अर्थ नाही. त्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा: काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला का, मानेच्या गाठीचं आवरण फोडून तो बाहेर आला होता का? या दोन्हींपैकी एक जरी असेल तर शेकासोबत सिस्प्लॅटिन द्यायला ठोस आधार आहे, २००४ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचा. दोन्ही नसेल तर बऱ्याचदा नुसता शेकच योग्य असतो, आणि तो अर्धवट उपचार नव्हे.

गाठ जागेवर आहे आणि शेक हाच मुख्य उपचार आहे, अशा वेळी सुमारे सात आठवड्यांत ६६ ते ७० ग्रे देतात. तिथे कण टोचता येतात. पण टोचलेल्या गाठीपुरताच त्यांचा उपयोग. मानेत न टोचलेल्या ठिकाणी आजार असेल तर तिथे नेहमीचाच शेक. शिवाय हाफ्नियमचे कण गाठीतच राहतात, बाहेर पडत नाहीत. सीटीवर ती जागा धातूसारखी पांढरी चमकते. मला नियोजन करताना हे लक्षात घ्यावं लागतं, आणि पुढे कुठल्याही गावात सीटी काढला तरी तिथल्या डॉक्टरांना ते सांगावं लागतं, नाहीतर चमक बघून चुकीचा अर्थ निघतो. असा उपचार घेतलेल्या रुग्णाने त्याचं कार्ड कायम जवळ ठेवावं.

बेळगाव पट्ट्यातला हिशोब

औषधाइतकाच मोठा प्रश्न आहे रोजच्या येण्याजाण्याचा. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेक मधेच थांबला की थकलेली गाठ पुन्हा वाढीला लागते. एका दिवसाच्या खंडाने आजार ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असं जुन्या अभ्यासांवरून मानलं जातं. यात्रा, लग्न, पेरणी, सोयाबीनची मळणी यांसाठी आठवडाभर खंड पडला, तर सिस्प्लॅटिनने मिळवलेला फायदा तिथेच संपू शकतो. ऑपरेशननंतरचा शेकही सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. चाचणीत नाव येईल या आशेने दोन महिने मुंबई-पुण्याच्या चकरा मारण्यात जे हातचं जातं, ते कुठलाही कण भरून देत नाही.

म्हणून जवळचं केंद्र ही या तुलनेत फार वजनदार बाब आहे. बेळगावात के.एल.ई. संस्थेचं नवं कॅन्सर रुग्णालय ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालं. हुबळीत नवनगरला जुनं कॅन्सर रुग्णालय आहे, आणि निपाणीकरांना कोल्हापूर-मिरज जवळ पडतं. सिस्प्लॅटिन किंवा डोसेटॅक्सेलसोबतचा शेक यासाठी घर सोडून मुंबईला राहायची गरज बहुतेकांना पडत नाही. नॅनोकणांच्या चाचणीसाठी मात्र ज्या केंद्रात ती चालू आहे तिथेच सात आठवडे राहावं लागेल, आणि पुढे तपासण्यांसाठी परत परत जावं लागेल. सोबत कोण राहणार, घरची गुरं कोण बघणार, हे आधी ठरवा.

पैशांचं बघा. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते पत्र तुकडा तपासायला देतानाच मार्गी लावा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. आपलं गाव त्या यादीत आहे का, आणि कुठली कागदपत्रं चालतात, हे कोल्हापूर-मिरजेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारूनच पाऊल टाका. दोन्ही राज्यांच्या खिडक्यांवर अर्ज घेऊन फिरण्यात उपचाराचे दिवस जाऊ देऊ नका. बायकांना कर्नाटकच्या सरकारी बसला शक्ती योजनेत तिकीट लागत नाही, पण राज्याच्या हद्दीतच. निपाणीची बाई बेळगावला फुकट जाते, कोल्हापूरला मात्र तिला तिकिटाचा विचार करावा लागतो. रोज सात आठवडे जायचं असतं तेव्हा हा फरक लहान नसतो. मुंबईला जायचंच झालं तर रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात मोठी सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो.

चाचणीत जायचं ठरलंच तर

काही घरं पूर्ण विचार करून त्या बाजूने जातील, आणि त्यांना मी कधीच अडवत नाही. आज आपण सिस्प्लॅटिनचे जे आकडे विश्वासाने सांगतो, ते चाचणीत नाव दिलेल्या हजारो रुग्णांमुळेच मिळालेत. फक्त ती खरी चाचणी असली पाहिजे.

भारतातली प्रत्येक औषध-चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदवलेली असावी लागते. सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा तिचा क्रमांक मागा आणि रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा: कुठल्या आजारासाठी, कुठल्या केंद्रांत, भरती चालू आहे की बंद. क्रमांक देता येत नसेल तर तिथून उठा. तपासणीखालच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ‘चाचणीत घेतो, पण कणांचे इतके लाख भरा’ असं कुणी म्हटलं तर ती चाचणी नव्हे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते, आणि कधीही बाहेर पडायचा हक्क असतो. बाहेर पडलात म्हणून नेहमीचा उपचार नाकारता येत नाही.

संमतीचा कागद रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे, हाही हक्कच आहे. बेळगाव-हुबळीकडे इंग्रजी आणि कानडी प्रती समोर येतात. कानडी बोलायला येणं वेगळं आणि वीस पानांचा कागद वाचून समजणं वेगळं. मराठी प्रत मागा. ती यायला दोन दिवस लागले तरी चालेल, पण न वाचता अंगठा देऊ नका. वाचताना दोन गोष्टी शोधा. चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पडतात का? पडत असतील तर तुमच्या माणसाला कण मिळतीलच असं नाही, त्याला नेहमीच्या उपचाराचा गट मिळू शकतो. आणि तो नेहमीचा उपचार कोणता आहे? नुसता शेक असेल आणि रुग्णाला डोसेटॅक्सेल चालणार असेल, तर चाचणीत शिरून आपण काय सोडतोय हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

कुठलाही पर्याय निवडला तरी मास्क बनवायच्या आधीची तयारी एकच आहे. तंबाखू, गुटखा, मिसरी त्याच दिवशी बंद. शेक चालू असताना ओढलेल्या विडीने उपचाराचा गुण कमी होतो आणि तोंडाचा त्रास वाढतो. किडलेले, हलणारे दात शेकाआधीच काढून घ्यायचे, कारण शेक लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड कुजण्याचा धोका असतो. दात काढल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, तेव्हा शेकाची तारीख यायची वाट न बघता दंतवैद्याकडे आधी जाऊन या.